मोठ्याच्या घरी देव

उंबरपाडा, ता. मुरबाड
१९ ऑक्टोबर १९९७

दादा,

पत्राच्या वर साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. तो तू धरून चाल. माझं डोकं तापलेलं आहे आणि अर्धं पीक अजून शेतात उभं आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो.

गुरुवारी नव्याची पुनव झाली. तू आला नाहीस. आईनं सकाळीच घर सारवलं, नव्या तांदळाचा भात केला, केळीच्या पानावर वाढून देवांच्या पाटासमोर ठेवला आणि बसून राहिली. पाट रिकामा. दुपारच्या एस.टी.तून केरू उतरला. तो तुझ्याच कंपनीत, तुझ्याच शिफ्टला. त्याला विचारलं, तर म्हणाला, महिपत सुट्टीवर नव्हता, कामावर होता. आईनं ऐकलं आणि पान गाईपुढे ठेवून आली.

चैत्रात तू जीप घेऊन आलास तेव्हाचं तुला आठवत असेलच. बाबांचं वर्ष झालं होतं. आपल्यात देव वाटून घेत नाहीत, ते मोठ्याच्या घरी जातात, म्हणून तू मागायच्या आधीच आईनं ते काढून ठेवले होते. देवी, भैरोबा, म्हसोबा यांचे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक आणि शेजारी बाबा गेल्यावर केलेला त्यांचा नवा टाक. चिंचेनं घासून लखलखीत केले, लुगड्याच्या धुवट पदरात बांधले आणि तुझ्या हातात दिले. एवढी खूश मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. तू माळ घातल्यापासून, गुरूंच्या बैठकीला जायला लागल्यापासून तिला धाकधूक होती की तू घरच्या देवांना विचारणार नाहीस. आणि तू तर वाशिंदहून गाडी करून न्यायला आलास. नव्याला दरवर्षी घेऊन येईन असं तू तिच्या पायावर हात ठेवून बोललास. मी तिथंच उभा होतो.

देवांनी खाल्ल्याशिवाय ती नवा दाणा तोंडात घालत नाही. मी दोन वेळा समजावलं. ती म्हणते, देव पोराच्या घरी हायेत, रस्त्यात नाय पडले, येतील. सध्या ती कणगीतला गेल्या सालचा तांदूळ शिजवून खाते. आमच्यासाठी नवा, तिच्यासाठी जुना. तुझी भावजय जना एका चुलीवर दोन भात लावते.

दिवाळीला तरी ये. देव घेऊन ये.

धाऊ

उंबरपाडा
१२ जुलै १९९८

दादा,

दिवाळी गेली, शिमगा गेला. तुझं एक कार्ड आलं. त्यात 'देव सुखरूप आहेत, आईला सांग काळजी करू नको' एवढंच. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं परत वाचायला लावलं. मग विचारलं, कुठं ठेवलेत ते लिवलंय का? मी म्हटलं, लिहिलं नाही. ती म्हणाली, चुलीपासून लांब ठेवा म्हणावं, धुरानं काळे पडतात. तुमच्या ब्लॉकमध्ये गॅस आहे हे तिला सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं.

कणगीतला जुना तांदूळ मृगाच्या आसपास संपला. आता आई रेशनचा खाते. गावात हसू झालंय. घरात भाताची रास, आणि अंबूबाई पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत. मी विचारलं, तो तांदूळ तरी कुठल्या देवानं खाल्लाय? म्हणाली, तो आपल्या शेताचा नाय, त्याचा हिशेब त्याच्या देवाकडं. आपल्या शेताचा आपल्या देवाकडं. तू एवढी प्रवचनं ऐकतोस, तुला उत्तर सुचलं तर कळव.

तू निरोप पाठवलास की आईला वाशिंदला घेऊन ये, बैठकीला बसव, तिच्या डोक्यातलं जुनं निघून जाईल. मी निरोप दिला. ती म्हणाली, "मला देव दाखवाय नाय बोलवत, विसराय बोलवतो."

एक गोष्ट मी नाकारत नाही. त्या बैठकीनं तुझी दारू सुटली. वहिनी माहेरी निघून गेली होती, ती परत आली. तुझ्या त्या देवाला रूप नाही, नाव नाही, पण त्यानं तुझ्या हातातली बाटली घेतली, आणि ते आमच्या देवीला जमलं नव्हतं. त्याला माझा नमस्कार आहे. पण ज्यानं तुझं घर वसवलं त्यानं इथलं उठवायला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ते तुझंच डोकं.

आणि तुला कशाची लाज वाटते तेही मला माहीत आहे. नव्याला आईच्या अंगात वारं यायचं. शाळेतली पोरं दारात उभी राहून बघायची, आणि तू मागच्या दारानं रानात पळायचास. मी मात्र बघत बसायचो. कारण एरवी बाबांचं नाव कधी न घेणारी आपली आई तेव्हा त्यांना नावानं हाक मारायची. भिवा, इकडं बस. आणि बाबा, सगळ्या गावाला दटावणारे बाबा, गपचूप तिच्यासमोर येऊन बसायचे. ती त्यांना वर्षभराचं सगळं सुनवायची. ते ऐकायचे. तुला तिथं अडाणीपणा दिसला. मला ते बरं वाटायचं. देवी खरी होती की नव्हती मला ठाऊक नाही. मला देव कधी दिसला नाही, तुझाही नाही आणि तिचाही नाही. मला फक्त चिंचेनं देव घासणारी आई दिसायची, आणि तेवढं पुरायचं.

या नव्याला ये.

धाऊ

उंबरपाडा
८ ऑक्टोबर १९९८

महिपत,

आज दादा लिहिवत नाही.

आईनं यंदा स्वतःच वाट काढली. म्हणाली, त्याला वेळ नसंल तर नसू दे. तू नवा तांदूळ घेऊन जा, तिकडंच देवांपुढं नैवेद्य दाखव, आणि त्यातला घास मला आण. म्हाताऱ्या माणसानं आणखी किती वाकायचं? मी तांदळाची पिशवी घेऊन किन्हवलीवरून शहापूर आणि तिथून वाशिंद गाठलं. तू बैठकीला गेला होतास. वहिनीनं चहा केला आणि चहा देऊन होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मी हातपाय धुतले आणि विचारलं, देव कुठं बसवलेत? वहिनी आत गेली ती बाहेर आलीच नाही. भिंतीवर तुझ्या गुरूंचा फोटो, त्याला हार, बाकी काही नाही.

अपेक्षा अभ्यास करत बसली होती. तिनं वहीतून डोकं काढून सांगितलं, "काका, ते देव पप्पांनी येतानाच सोडले ना. काळूच्या पुलावर जीप थांबवली होती."

पोरीला वाटलं मला माहीतच असेल.

म्हणजे ते देव वाशिंदला पोचलेच नाहीत. आईच्या पदरातून निघाले आणि घटकाभरात नदीत गेले. बाबांसकट. आणि तू कार्ड लिहिलंस, देव सुखरूप आहेत. आम्ही इथं चुलीचा धूर आणि गॅसच्या गोष्टी करत होतो.

तांदळाची पिशवी मी तशीच परत आणली. आईला सांगितलं, दादाच्या घराला कुलूप होतं. ती म्हणाली, असंल, कामाचा मानूस. आणि रेशनच्या तांदळाला आधण ठेवलं.

तिला खरं सांगणं माझं काम नाही. तू नेलेस, तू सोडलेस, तू येऊन सांग. तिच्या समोर बसून सांग. मी तुझ्या वतीनं सांगणार नाही.

धाऊ

उंबरपाडा
१७ जानेवारी १९९९

महिपत,

तुझं पाच पानी पत्र पोचलं. एवढं लांब पत्र तू आयुष्यात लिहिलं नसशील, बाबा गेले तेव्हाही नाही.

तू लिहितोस, देव चराचरात आहे, तो पत्र्यात मावत नाही. मान्य. तू लिहितोस, अज्ञानातून आईला बाहेर काढणं मुलाचं कर्तव्य आहे. मग काढ ना. ये आणि काढ. वाशिंदहून उंबरपाड्यापर्यंत कर्तव्य पोचेना का? मी केरूच्या हाती निरोप धाडला होता की तुला सांगवत नसेल तर नवे टाक करून घेऊन ये, मोतीबिंदूमुळे तिला दिसत नाही, निदान भात तरी खाईल. त्यावर तू लिहितोस की मूर्ख समजुतींना खतपाणी घालणं तुझ्या तत्त्वात बसत नाही, आणि खोटे देव करून आईला फसवणं पाप आहे. हे वाक्य मी जनाला वाचून दाखवलं. ती हसत सुटली, मग रडली.

केरूशी बोललो. तुला राग येईल की घरचं बाहेर काढलं, येऊ दे. केरूच्या बापानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. केरू सांगतो, त्याच्या बापानं आदल्या दिवशी भावकीला बोलावलं, आपल्या म्हाताऱ्या आईला समोर बसवलं आणि सांगितलं की उद्या मी हे सोडणार आहे. म्हातारी रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली. मरेपर्यंत पोराबरोबर बुद्धवंदनेला बसली, आणि कधीमधी जुन्या देवीचं गाणंही गुणगुणायची. केरूचा बाप तिला गाऊ द्यायचा. केरू मला म्हणाला, "आमच्या म्हातारीला रडाया तरी भेटलं रे."

तूही देवच सोडलेस. पण तू जीप थांबवलीस, इकडं तिकडं पाहिलंस आणि कठड्यावरून गाठोडं टाकलंस. आणि आईला सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस ते मी तुला सांगतो. तुला भीती वाटली. आईच्या अंगात वारं येईल आणि देवी तुझं नाव घेऊन काहीतरी बोलेल, अपेक्षाचं काही बरंवाईट होईल, याची भीती. पत्रा म्हणतोस ना तू त्याला? पत्र्याला कोण भितं? तू आईपेक्षा जास्त मानतोस त्या देवांना. ती निदान त्यांच्यावर प्रेम करते.

धाऊ

उंबरपाडा
२७ ऑक्टोबर १९९९

महिपत,

तू आला नाहीस म्हणून मी केलं. यात तुझी परवानगी मागत नाही, झालेलं कळवतो.

दसऱ्याच्या आधी मुरबाडला सोनाराकडे गेलो. देवी, भैरोबा, म्हसोबा आणि बाबांचा, असे टाक करायला सांगितले. सोनारानं विचारलं, बाबांना पागोटं की टोपी? मी म्हटलं, पागोटं. ते आणून मी घरी चिंच आणि राख लावून घासत बसलो, जरा जुने वाटावेत म्हणून. जना म्हणाली, कशाला, दिसतंय कुठं त्यांना? तरी मी घासले.

पुनवेला आई नेहमीसारखी रिकाम्या पाटासमोर बसली. ती यंदा फार वाळली आहे. मी गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, दादानं देव पाठवले. तिनं गाठ सोडली, एक एक टाक हातात घेतला. अंगठा फिरवला. देवीवर फिरवला, मग भैरोबावर, मग परत देवीवर.

"हे आपले नाय," ती म्हणाली.

तिनं देवी तेवढी हातात ठेवली.

"आपल्या देवीला नाक नव्हतं. घासून घासून गेलतं. हिचं नाक टोचतंय. कोरी हाय ही." मग सावकाश म्हणाली, "सोडले का त्यानं?"

माझ्या तोंडून हो निघून गेलं. तुझं काम मी केलं, महिपत. करणार नव्हतो, पण तिनं विचारल्यावर खोटं बोलायला तोंड वळेना.

"कुठं?"

"काळूत. पुलावरून."

"वाहतं पानी व्हतं ना?"

"होतं."

मला वाटलं आता वारं येईल. जनाही दारात येऊन उभी राहिली होती. तसलं काही झालं नाही. आईनं टाक पाटावर मांडायला घेतले, चाचपडत, नेहमीच्या क्रमानं. मांडता मांडता बोलत होती. म्हणाली, झिजलेले देव पान्यातच सोडायचे असतात, तुजा आजा पन जुने सोडून आलता आनि नवे घेऊन आलता, तवा मी नवी नवरी व्हते. म्हणाली, महिपतनं सांगाया पायजे व्हतं, मी हळदकुकू तरी लावून दिलं असतं. बाबांच्या टाकावर अंगठा फिरवून म्हणाली, ह्ये कोन, ह्येंची मिशी अशी नव्हती, चालंल.

मी विचारलं, आई, मग हे नवे चालतील तुला?

"बसव," ती म्हणाली. "यांना आजून आपल्या घरचं काय म्हाईत नाय. शिकतील."

आणि तिनं जनाला पान वाढायला सांगितलं. नैवेद्य दाखवला. मग त्याच पानातला नवा भात कालवून खाल्ला, नुसता, मीठसुद्धा न घेता. तिच्या हनुवटीला शितं लागली होती. पुसायला गेलो तर म्हणाली, राहू दे.

एवढंच होतं ते, महिपत. एवढंच. देव नदीत गेले असं तू त्याच आठवड्यात सांगितलं असतंस, तर त्याच महिन्यात नवे झाले असते आणि तिनं एकाही सालचा भात सोडला नसता. ती देव बुडाले म्हणून उपाशी नव्हती. ती वाट बघत होती, कारण तू सांगितलं होतंस की ते तुझ्या घरी आहेत. बुडालेले देव पुन्हा घडवता येतात. पोराच्या घरी असलेल्या देवांची वाटच बघावी लागते, त्याशिवाय दुसरं काय करणार ती? आपल्या दोघांनाही ती कळली नव्हती. तुला वाटलं ती पत्र्याला चिकटलीय. मला वाटलं खरं ऐकून ती मरेल.

धाऊ

१९ फेब्रुवारी २०००

महिपत,

चिठ्ठी केरूच्या हाती देतोय. आई सकाळी गेली. झोपेतच. तुझ्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबू. त्यापुढे थांबणार नाही.

धाऊ

उंबरपाडा
१५ ऑक्टोबर २०००

महिपत,

तू आलास, खांदा दिलास, दहा दिवस राहिलास, डोकं भादरून घेतलंस. भावकीत कोणी बोट दाखवेल असं काही केलं नाहीस. मीही चारचौघांत काही बोललो नाही. दहाव्याला तू माजघरात एकटा त्या पाटासमोर बसला होतास आणि हात मांडीवर होते, जोडलेले नव्हते, तेही मी पाहिलं. तेव्हा मला तुझा राग आला नव्हता. थोडी दया आली होती. तुझ्या देवाला रूप नाही म्हणून तुला रडायला काही समोर नव्हतं, असं वाटलं.

परवा पुनवेला आईचा टाक बसवला. आपल्यात गेलेल्या माणसाचा करतात तसा, बाबांच्या शेजारी. सोनारानं टाकावर नथ कोरलीय. आईनं जन्मात नथ घातली नव्हती, पण राहू दिली. नव्या भाताचा पहिला घास तिच्यापुढे ठेवला. नंतर आम्ही जेवलो.

आणि काल तुझं पत्र आलं.

तू लिहितोस, मोठ्याच्या घरी देव असतात, हा आपला रिवाज आहे. तू लिहितोस, बाकीचे तिथंच राहू देत, पण आईचा टाक मला दे. ब्लॉकमध्ये एक कोपरा मोकळा केला आहे. बैठकीत कोणाला सांगायचं नाही, फक्त घरात ठेवायचा आहे. झोप लागत नाही असंही लिहिलंयस. रोज सकाळी एकदा बघावंसं वाटतं असंही.

पत्र दोनदा वाचलं. जनाला दाखवलं. ती म्हणाली, द्या हो, लेकच आहेत त्यांचे. केरूला विचारलं तर तो म्हणाला, तुमचं तुमी बघा, पन मानूस रडाया मागतंय. दोघांचंही खरं आहे. रिवाजानं तुझा हक्क आहे, तेही खरं आहे. आई असती तर तिनंच चिंचेनं घासून, पदरात बांधून तुझ्या हातात दिला असता. तिनं तर आधीचेही हसत दिले होते.

मी आई नाही. तुला आईला बघायचं असेल तर इथं ये. नव्याला ये, एरवी ये, दार उघडं आहे. जना भात वाढेल. पाटासमोर बस, हात जोड किंवा जोडू नको, कोणी विचारणार नाही.

पण टाक मी तुझ्या हातात देणार नाही. इथून तुझ्या घरी जाताना वाटेत पूल लागतो.

धाऊ